हात कधी काढायचा

खासबाग ही बेळगावातली विणकरांची वस्ती. इथं शेजारी माग खडखडत असतो आणि संध्याकाळी त्याच गल्लीत एखाद्या माडीवर दहा-बारा मुलं शिकवणीला बसतात. शिकवणाऱ्या बऱ्याचदा कॉलेजात जाणाऱ्या मुली. पालकांचं सांगणं ठरलेलं असतं: "ताई, प्रश्नोत्तरं तेवढी पाठ करून घ्या." या मागणीला मी नावं ठेवणार नाही. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, गुणांवर घरादाराची आशा असते. पण शिकवणी म्हणजे शाळेत झालेलंच पुन्हा एकदा सांगणं, ही समजूत मात्र तपासायला हवी.

जुन्या पंतोजींच्या शाळेत आजच्यासारख्या इयत्ता नव्हत्या. छडी होती, घोकंपट्टी होती. पण ज्याचा पाढा पक्का झाला तो पुढं जाई, ज्याचा नाही तो थांबे. थोरली मुलं धाकट्यांकडून म्हणवून घेत. अँड्र्यू बेल या पाद्र्यानं मुलांनी मुलांना शिकवण्याचा हा प्रयोग मद्रासच्या अनाथाश्रमात केला आणि 1797 साली त्यावर लंडनमध्ये पुस्तक काढलं. पुढं वर्ग आले, सगळ्यांना एकच वेग आला. त्या वेगात जो मागं पडला त्याच्यासाठी शिकवणी.

शिकवणारा नेमकं करतो काय, याकडं बारकाईनं पाहिलं गेलं ते फार उशिरा. 1976 साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला दिला. तीन वर्षांच्या मुलाला खेळात ओढून आणावं लागे, चार वर्षांच्याची चूक दाखवावी लागे, पाच वर्षांच्यानं "बरोबर आहे ना?" विचारल्यावर नुसती मान डोलावली तरी पुरे. या मदतीला त्यांनी परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहिली की परांची उतरवायची असते. माझ्या मते शिकवणीबद्दलचा सगळ्यात मोलाचा विचार हाच.

त्यापुढं 1984 मध्ये बेंजामिन ब्लूम यांनी मांडलं की एकट्याला शिकवलेला सरासरी विद्यार्थी वर्गातल्या 98 टक्के मुलांच्या पुढं जातो. हा आकडा अजूनही सांगितला जातो, पण तो फार फुगलेला होता. 2011 साली कर्ट व्हॅनलेन यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा फायदा ब्लूमच्या निम्म्याहूनही कमी निघाला. फायदा आहे, चांगला आहे, चमत्कार नाही. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मिशेलिन ची यांचा 2001 मधला प्रयोग. त्यांनी शिकवणाऱ्यांना समजावून सांगायलाच मनाई केली, फक्त मुलाला बोलतं करायचं. मुलं तरीही तितकीच शिकली.

खासबागेत याचा अर्थ काय होतो ते पाहा. घरी कन्नड, शाळेत मराठी असलेला मुलगा 'सदुसष्ट' ऐकून 76 लिहितो. कन्नडात 'अरवत्तेळु', म्हणजे आधी साठ, मग सात. मराठीत सात आधी येतात. तो ऐकलेल्या क्रमानंच आकडे मांडतो. त्याच्या चुकीला तर्क आहे. (गणितज्ञ मंगला नारळीकरांच्या समितीनं 2019 साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ला 'वीस एक' अशी जोड दिली, ती याच अडचणीपोटी. तिची थट्टा करणाऱ्यांनी आधी अशा एका मुलाजवळ बसायला हवं होतं.) त्याला सदुसष्ट पन्नास वेळा लिहायला लावून काय होणार? दहा-दहा काड्यांच्या सहा जुड्या आणि सात सुट्या काड्या पुढं ठेवाव्यात, "मोज आणि कन्नडात सांग, मग मराठीत सांग," म्हणावं आणि गप्प बसावं. हे गप्प बसणं फार अवघड असतं. समोर फी देणारे पालक असतात, शिकवणारी बोलत नसेल तर शिकवत नाही असं त्यांना वाटतं.

खरी अडचण फीच्या रचनेत आहे. फी महिन्याची, म्हणजे मूल जितकं जास्त दिवस येईल तितकं बरं. ज्या ताईनं काम चोख केलं तिच्याकडचं मूल सुटतं आणि उत्पन्नही जातं. म्हणून मला वाटतं, करार विषयाचा आणि मुदतीचा व्हावा: अपूर्णांक, तीन महिने. मुदत संपली की तेच मूल आठवड्यातून एकदा चौथीच्या पोरांना अपूर्णांक शिकवायला यावं, आणि त्या दिवशी त्याच्याकडून फी घेऊ नये.