घराकडची वाट



आज पुनरुत्थान काळातला तिसरा रविवार. संत लूकच्या शुभवर्तमानातील अम्माऊसच्या वाटेची कथा आपण ऐकली (लूक २४:१३-३५). दोन शिष्य यरुशलेम सोडून निघाले आहेत. अंतर साठ स्टाद, म्हणजे आपल्या हिशोबाने सुमारे अकरा किलोमीटर. एकाचे नाव क्लेओपा. दुसऱ्याचे नाव लूक सांगत नाही. संत योहान मात्र क्रुसाजवळ उभ्या असलेल्या स्त्रियांमध्ये क्लोपाच्या मरियेचा उल्लेख करतो. क्लोपा आणि क्लेओपा एकच असावेत आणि तो बिननावाचा सोबती म्हणजे त्याची पत्नी असावी, असे काही अभ्यासक मानतात. हे सिद्ध झालेले नाही. तरीही आज एवढ्यापुरते ते नवरा-बायको आहेत असे समजून ही कथा वाचू या. कारण घराकडे निघालेली जोडपी आपण रोज पाहतो.

आपल्या परभणी जिल्ह्यात असे घर क्वचितच असेल ज्यातले कोणी पुण्याकडे गेलेले नाही. कोणी चाकणला कारखान्यात, कोणी भोसरीत, कोणी दवाखान्यात नर्स. सणासुदीला, लग्नकार्याला, आई-वडिलांच्या आजारपणात ही मुले गावाकडे निघतात. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, सात-आठ तासांचा प्रवास. प्रत्येक जोडप्याचे थांबे ठरलेले. शिरूरला घोड नदी ओलांडण्याआधी पहिला चहा. अहिल्यानगरला नाश्ता. पुढे करंजीचा घाट, पाथर्डी, मग गढीजवळ धुळे-सोलापूर महामार्ग ओलांडायचा. माजलगाव मागे पडले की ढालेगावला गोदावरीचा पूल येतो. त्या पुलावर बीड जिल्हा संपतो, आपला सुरू होतो. तिथे गाडीतले लेकरू जागे होते आणि बायको सासूला फोन लावते, "आई, गंगा ओलांडली, भाकरी टाका." पाथरी, मानवत, आणि घर. वर्षानुवर्षे तेच हॉटेल, तीच टपरी. त्या थांब्यांवर नवे काहीच नसते, म्हणून तर ते हवेसे वाटतात. कुठल्या झाडाखाली गाडी लावायची यावर आता चर्चाही होत नाही.

याच रस्त्यावर, याच दिवसांत आणखी एक जोडपे घरी येत असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांडीकुंडी, सरपण आणि शेळीच्या शेजारी बसून. दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली आपली माणसे कारखान्याचा पट्टा पडला की परततात. त्यांच्या हिशोबात नवरा-बायकोच्या जोडीला एक शब्द आहे : कोयता. एक कोयता म्हणजे दोन माणसे. उचल दोघांच्या नावावर, काम दोघांचे, आणि एक जण आजारी पडून खाडा झाला तर भुर्दंडही दोघांना. सहा महिने पालात राहिलेले हे जोडपे घरी येते तेव्हा कधी हातात चार पैसे असतात, कधी उचल फिटलेलीच नसते आणि पुढच्या हंगामाचे ओझे आताच डोक्यावर असते. त्यांचेही थांबे ठरलेले असतात. पण तिथे हॉटेल नसते. पाणी मिळेल असा पंप आणि सावली देईल असे एखादे लिंबाचे झाड, एवढेच.

बंधू-भगिनींनो, एक जोडपे कारमध्ये, एक ट्रॉलीत. प्रभू यांपैकी कोणाच्या सोबत चालतो? शुभवर्तमानाचे उत्तर सरळ आहे. जे घराकडे निघाले आहेत आणि ज्यांच्या मनात काहीतरी मोडले आहे, त्यांच्या सोबत.

फ्रान्सचे कॅथलिक तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, त्यांचा देश परक्या सैन्याच्या ताब्यात असताना, आशेवर चिंतन केले. त्या लेखनाच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिले 'होमो व्हिआटोर', म्हणजे वाटसरू माणूस. सगळे ठीक होईल असे दुरून म्हणणारा आशावाद वेगळा आणि आशा वेगळी, असे ते दाखवून देतात. आशावादी माणूस कडेला उभा राहून अंदाज बांधतो. आशा धरणारा स्वतः वाटेवर असतो आणि तो एकट्यासाठी आशा धरत नाही, आपल्यासाठी धरतो. आपल्याला हे कळायला अवघड नाही. पंढरीची वाट चालणाऱ्यांच्या प्रदेशात, जनाबाईंच्या गंगाखेडच्या शेजारी आपण राहतो. एकटा वारकरी दिंडी शोधतो, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे.

आता अम्माऊसच्या वाटेवरचे तीन थांबे पाहू.

पहिला थांबा : बोलणे. ते दोघे चालता चालता घडलेल्या सगळ्या गोष्टींविषयी बोलत होते. आमची आशा होती, पण तसे झाले नाही, हे त्यांचे दुःख. प्रभू जवळ येतो आणि पहिले काम कोणते करतो? तो विचारतो, तुम्ही कशाविषयी बोलत आहात? यरुशलेमात काय झाले हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरी तो त्यांच्या तोंडून ऐकून घेतो. त्याने आधी ऐकले, शास्त्र नंतर उलगडले. पुष्कळ घरांत आपण हा क्रम उलटा करतो. आठ तास एका गाडीत बसूनही कित्येक जोडपी बोलत नाहीत. गाणी चालू असतात, मोबाईल चालू असतो, आणि मनातली गोष्ट पुण्याहून निघते ती तशीच मानवतपर्यंत येते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सोयाबीन गेले, वडिलांचे कर्ज वाढले, हप्ता थकला, दुसरे मूल राहिले नाही. हे एकमेकांना सांगायचे कधी? ज्याच्याशी बोलता येत नाही त्याच्यासोबत किलोमीटर कापले जातात, सहप्रवास होत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस विवाहितांना सांगत असत की भांडण झाले तर होऊ द्या, पण समेट केल्यावाचून दिवस संपवू नका. मी त्यात आपल्यापुरती भर घालतो : ढालेगावचा पूल ओलांडण्याआधी मनातले बोलून टाका. आई-वडिलांच्या दारात दोघांनी एक होऊन उतरावे.

दुसरा थांबा : आग्रह. गाव जवळ आले तेव्हा प्रभूने आपण पुढे जाणार असे दाखवले. तो जबरदस्तीने कोणाच्या घरात शिरत नाही. संध्याकाळ झाली आहे, आमच्याकडे राहा, असा आग्रह त्यांनी केला म्हणून तो आत आला. पाहुणा म्हणून आला आणि भाकर हातात घेऊन, आशीर्वाद देऊन, मोडून वाटू लागला, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. हीच आपली पवित्र मिस्सा. आधी वचन, मग भाकर. पण लक्षात घ्या, त्यांनी अनोळखी वाटसरूला थांबवले नसते तर प्रभू त्यांना ओळखू आला नसता. या आठवड्यात ट्रॉल्या आपल्या रस्त्यांवरून जातील. त्यातल्या माणसांना आपण हात दाखवून थांबवतो का? कार घेऊन गावी येणाऱ्या मुलाने पंपावर एका कोयत्याला जेवण विचारायला किती वेळ लागतो? ती माणसे परकी नाहीत, सोनपेठची, गंगाखेडची, आपल्याच तालुक्यांतली आहेत. त्यांना भीक नको असते. कोणीतरी नाव घेऊन हाक मारावी, सहा महिने कसे गेले हे विचारावे, एवढे मात्र हवे असते.

तिसरा थांबा : परत फिरणे. इथे कथा आपल्याला चकवते. मुक्कामाला पोचल्यावर ते झोपी जायला हवे होते. एवढी चाल, बाहेर अंधार. पण ते त्याच घटकेस उठले आणि तेच अकरा किलोमीटर उलटे चालत यरुशलेमला गेले. ज्या वाटेवर पाय ओढत आले, त्याच वाटेवर रात्री धावत निघाले. वाट तीच होती, थांबे तेच होते, चालणारे मात्र बदलले होते.

आपल्यालाही सुट्टी संपली की परत जायचे असते. आई डब्यात शेंगदाण्याची चटणी भरते, वडील टायरची हवा बघतात आणि कोणी फार बोलत नाही. ऊसतोडीच्या जोडप्यालाही दसऱ्यानंतर पुन्हा निघावे लागते. घर हे शेवटचे मुक्कामाचे ठिकाण नाही, हे ख्रिस्ती माणसाला ठाऊक असते. आपले खरे घर पित्याकडे आहे. पण म्हणून गावाकडचे घर खोटे ठरत नाही. तिथे भाकर मोडली गेली, एकमेकांना क्षमा केली गेली, तर परतीच्या वाटेला लागणारे बळ तिथूनच मिळते. नुसते चार दिवस राहून, जेवून, टीव्ही बघून आपण परतलो, तर गेलो तसेच आलो.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने या आठवड्यात एवढे करावे. प्रवासाला निघताना गाडी सुरू करण्याआधी दोघांनी मिळून क्रुसाची खूण करावी. वाटेतल्या एका ठरलेल्या थांब्यावर मोबाईल बाजूला ठेवून एकमेकांना विचारावे, तुझ्या मनात काय आहे? आणि डब्यात दोन भाकरी जास्तीच्या घ्याव्यात, वाटेत भेटणाऱ्यासाठी.

हे प्रभू येशू, अम्माऊसच्या वाटेवर तू न ओळखता सोबत चाललास. आमच्या रस्त्यांवर, कारमध्ये आणि ट्रॉलीत, घराकडे निघालेल्या प्रत्येक जोडप्यासोबत चाल. जे बोलेनासे झाले आहेत त्यांना शब्द दे. जे कर्ज घेऊन परतले आहेत त्यांना धीर दे. आणि संध्याकाळ होईल तेव्हा आमच्या घरी मुक्कामाला ये. आमेन.