शिक्षा कोठे संपते?

अपराध्यास क्षमा करावी की नाही, हा प्रश्न फार जुना आहे. परंतु त्याचा अपराध किती काळ त्याच्याविरुद्ध मोजावा, हा प्रश्न त्याहून बिकट असूनही आपण त्याचा विचार क्वचितच करतो.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यासारख्या गावी, शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात एखाद्या तरुणाच्या हातून मारहाण घडली, अशी आपण कल्पना करू. न्यायालयाने त्यास दोषी ठरविले. परंतु त्याचे वय व पूर्ववर्तन पाहून, तुरुंगात न धाडता, १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्यान्वये चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडून दिले. या हमीची मुदत तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही. ती त्याने निष्कलंकपणे पार पाडली. आता तो मोकळा झाला काय?

कायद्याचे उत्तर अर्धे होकारार्थी आहे. त्याचे १२ वे कलम म्हणते की, दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता अशा मनुष्यास भोगावी लागू नये. परंतु दोषसिद्धी मात्र पुसली जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात १९७५ साली स्पष्ट केले; मूळ वर्तनाचा विचार करण्यास सरकारी खाते मोकळेच राहते. अठरा वर्षांखालील मुलांकरिता २०१५ च्या कायद्याने, काही गंभीर प्रकरणे वगळून, नोंदच नष्ट करण्याची तरतूद केली आहे. प्रौढाच्या वाट्यास ती येत नाही.

कोणी म्हणेल, घडलेले घडलेच नाही असे भासविणे हे असत्य होय. आणि ज्याचा हात मोडला त्याने का म्हणून विसरावे? हा आक्षेप सबळ आहे. त्याने विसरावे, असे आमचेही म्हणणे नाही. परंतु स्मरण निराळे आणि वसुली निराळी. फिटलेल्या कर्जाची नोंद सावकाराच्या वहीत राहिली, तर ती वही खोटी ठरत नाही. मात्र त्याच नोंदीवर तो पुन्हा व्याज मागू लागला, तर त्यास आपण लबाडच म्हणू.

ही लबाडी समाज सहज करतो. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. तो जाच १९५२ साली कायद्यातून गेला. तरी चोरी झाली की पहिला संशय आजही पुष्कळदा पारध्यांच्या पालावरच जातो. येथे तर मुळात ऋणच नव्हते, आणि वसुली मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

म्हणून नोंदीचा प्रश्न केवळ दप्तराचा नव्हे. कायदा उद्या अधिक उदार होईल, आणि व्हावाही. परंतु गावच्या पारावरील वही कोणत्याही कलमाने जळत नाही. सोयरीक जुळविताना, सालगडी ठेवताना, दुकानी उधार देताना ती उघडली जाते. न्यायाधीशाने निदान तीन वर्षे तरी मोजली. आपण शिक्षा देतो आणि मोजावयाचेच विसरतो. ज्या शिक्षेस अंत नाही, तिला न्याय म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे काय?