काळा मणी

आमच्याकडं मंगळसूत्र तुटलं असं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. दोरा जुना झाला, काम करताना मणी सांडले, की बाई एकेक मणी वेचते आणि लगेच ओवून घेते. पण १९८९ साली थोरला भाऊ गेला तेव्हा वहिनींचं मंगळसूत्र वाढलं नाही. चौघींनी मिळून तोडलं. मणी अंगणभर उडाले. मी दारात उभा होतो, हाताची घडी घालून. दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या कडेला एक मणी सापडला, तो मी खिशात टाकला. का, ते आजही सांगता येत नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी मथुरेला देवदर्शनाला गेलो. तिथून ओळखीच्या एका व्यापाऱ्यानं हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला नेलं. काचेच्या मण्यांचं गाव. पोतीतले अगदी बारीक मणी काचेची नळी ओढून, कापून करतात. इथले जरा मोठे, जाळावर वळलेले. एक म्हातारा गॅसच्या भडक्यापुढं बसला होता. एका हातात मातीचा लेप दिलेली लोखंडी तार, दुसऱ्या हातात काचेची कांडी. काच मऊ पडली की ती तारेवर गुंडाळायची, तार फिरवत राहायची. लेप नसला तर मणी तारेला चिकटून बसतो. झालेला मणी राखेत ठेवायचा, सावकाश निवू द्यायचा. एकदम गार झाला तर तडकतो. काळी काच जाळात काळी राहत नाही बरं का, लालभडक होते.

मी तिथं तासभर बसलो. यात सौभाग्य कुठं शिरतं, हेच बघत होतो. म्हातारा मध्येच बिडी ओढायचा, खोकायचा. मंत्र नाही, मुहूर्त नाही. मग वाटलं, सौभाग्य मण्यात नसेल तर तो घालण्यालाही अर्थ नाही. पण माझ्या बायकोच्या गळ्यातला मणी निघालेला मला चालला असता का? नसता. म्हणजे मीसुद्धा मानतोच. मानायला माझी हरकत नाही. पण घालताना बाईला विचारत नाहीत, आणि काढताना तर नाहीच नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की मंगळसूत्र तोडायचं नाही, कुंकू पुसायचं नाही. पेपरातली बातमी मी वहिनींना वाचून दाखवली आणि डबीतला तो मणी त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो उजेडात धरून बघितला. म्हणाल्या, "भावजी, तवा तुम्ही दारातच हुता की."

आणि मणी परत माझ्याच हातात दिला.