देणे की दान?

एखाद्या शेतकऱ्याने उसाचे पाचट पेटवावे, वारा फिरावा आणि बांधापलीकडील शेजाऱ्याची कडब्याची गंजी जळून खाक व्हावी, असा प्रसंग वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दुसऱ्या दिवशी तो शेतकरी शेजाऱ्याच्या दारी येऊन म्हणाला, "तुमच्या जनावरांचे हाल होतील ह्याचे मला फार वाईट वाटते, कडबा घ्यावयास मी तुम्हांस रुपये उसने देतो," तर चावडीवर बसलेली माणसे त्यास काय म्हणतील? मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे तर ज्याने आग लावली त्यानेच भरपाई करावयाची असते. त्याचा हेतू चांगला होता की वाईट, हे तेथे विचारलेले नाही.

हा दृष्टांत आज राष्ट्राराष्ट्रांत चाललेल्या एका वादास लागू पडतो. दगडी कोळसा व खनिज तेल दीडदोनशे वर्षे जाळून जी राष्ट्रे धनाढ्य झाली, त्यांच्या धुराने पृथ्वीचे हवामान तापले. आणि त्याचा कठीण मार बसतो तो ज्यांनी धूर फारच थोडा केला अशा गरीब लोकांस. वादळापासून निवारे, खाऱ्या पाण्यापासून शेते, अवर्षणात टिकणारे बियाणे, ह्या सर्वांस पैसा लागतो. तो पैसा धनाढ्य राष्ट्रे देतात तेव्हा ती दान करितात, की देणे फेडितात?

कोणी म्हणेल, आजोबांनी अजाणता जाळलेल्या कोळशाचा भार नातवावर का? हा आक्षेप हलका नव्हे. परंतु आजोबांचा वाडा व जमीन घेऊन त्यांचे कर्ज तेवढे नाकारणाऱ्या नातवास गावात कोणी मान देत नाही. शिवाय कोळसा व तेल जाळून मनुष्यजातीने आजवर हवेत सोडलेल्या कर्बवायूपैकी अर्ध्याहून अधिक १९९० नंतरचा आहे. आणि १९९२ साली रिओ येथील करारात विकसित राष्ट्रांनी, अशा संकटात सापडणाऱ्या गरीब राष्ट्रांच्या खर्चास साहाय्य करण्याचे वचन दिले आहे. तेव्हा अजाणतेपणाची सबब आता उरली नाही. (ह्या नंतरच्या धुरात आपल्या देशाचाही वाटा आहे, हे लपवू नये. दरडोई तो जगाच्या सरासरीहून कमी असला, तरी आपल्या शहरांतील श्रीमंतांनी त्या सरासरीआड दडणे योग्य नव्हे.)

वचनाचे पुढे काय झाले? २००९ साली कोपनहेगन येथे ठरले की २०२० पासून दरवर्षी शंभर अब्ज डॉलर उभे करावे. तो आकडा प्रथम गाठला गेला २०२२ साली. आणि त्यातील सरकारी पैशाचा बहुतेक भाग कर्जाच्या रूपाने दिलेला होता. केवळ बचावाच्या कामांपुरते पाहिले, तर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२३ साली विकसनशील राष्ट्रांस बाहेरून सुमारे २६ अब्ज डॉलर सरकारी पैसा मिळाला. २०३५ च्या सुमारास गरज मात्र वर्षाला ३१० अब्जांहून अधिक असेल.

मोझांबिक देशाची गोष्ट पाहा. मार्च २०१९ मध्ये इडाई नावाच्या चक्रीवादळाने तेथील बैरा शहराची दैना केली व शेकडो माणसे मेली. पुढच्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या कंगाल देशास सुमारे ११ कोटी ८० लक्ष डॉलर दिले, ते कर्जाऊ. व्याज नव्हते हे खरे. पण आरंभी सांगितलेला आपला शेतकरीदेखील व्याज मागत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो, तो असा की हा पैसा अधिकारी व ठेकेदार खाऊन टाकतील. ह्यास बांगलादेश दोन्ही बाजूंनी उत्तर देतो. १९७० च्या वादळात तेथे तीन लाखांहून अधिक माणसे मेली. २००७ च्या सिडर वादळात सुमारे साडेतीन हजार. उंच निवारे बांधले, गावोगावच्या स्वयंसेवकांनी आधी सूचना देण्याची व्यवस्था केली, त्याचे हे फळ. पण त्याच देशात १९६० नंतर परदेशी साहाय्याने किनाऱ्यावर मातीचे प्रचंड बांध घातले गेले. नद्यांचा गाळ शेतांवर येईनासा झाला, नद्यांची पात्रे भरून वर आली, आतील जमीन खोल राहिली, आणि पावसाचे पाणी निघेना. बील डाकातिया येथील शेतकऱ्यांनी १९९० साली तो बांध स्वतः फोडला. भरतीबरोबर गाळ येऊ दिला पाहिजे, हे त्यांस ठाऊक होते. त्यांस कोणी विचारले नव्हते.

देणे व दान ह्यांतील भेद मला येथे खरा वाटतो. दान दिले म्हणजे दाता हिशेब मागतो, आणि घेणारा त्याची मर्जी पाहून बांध घालतो. देणे फेडावयाचे असेल, तर हिशेब मागण्याचा अधिकार ज्याची गंजी जळाली त्याचा; दिल्लीचा किंवा ढाक्याचा नव्हे.

२०१८ साली दक्षिण कोरियातील हरित हवामान निधीने आंध्र, ओडिशा व महाराष्ट्र ह्या तीन राज्यांच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लक्ष डॉलर मंजूर केले. हे कर्ज नसून अनुदान आहे. कांदळवनांची राखण व किनाऱ्यावरील लोकांची उपजीविका ही त्यातील कामे. किनाऱ्यावरील वाचकांनी पुढच्या ग्रामसभेत उभे राहून विचारावे, की त्यातील काय आपल्या खाडीपर्यंत आले, कोठे लावले, आणि लावण्यापूर्वी कोणास विचारले.