काळजी घ्यावी, काळजी करू नये

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की अनेकांच्या मनात वेगळाच कारभार सुरू होतो. मुलाला नोकरी लागेल का? मुलीचे लग्न कसे पार पडेल? डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये काय निघेल? उद्या हातपाय चालेनासे झाले तर आपल्याला कोण बघणार? दिवसभर दमलेले शरीर झोप मागत असते आणि मन पुढच्या दहा वर्षांचा हिशेब मांडून बसते. सकाळी उठावे तर हिशेब तिथेच असतो, अंगातली ताकद तेवढी कमी झालेली असते.

अशा माणसाला ‘चिंता करू नका’ असे सांगणे फार सोपे आहे. पण प्रपंचात असलेला माणूस लगेच विचारतो, ‘मग काय बेफिकीर व्हायचे?’ त्याचे विचारणे चुकीचे नाही. ज्याच्यावर प्रेम असते त्याचीच काळजी वाटते. आईने मुलाची काळजी सोडावी असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या भाषेतच दडलेले आहे. आपण ‘काळजी घेतो’ असेही म्हणतो आणि ‘काळजी करतो’ असेही म्हणतो. शब्द एकच आहे, क्रियापदे दोन आहेत. आजारी माणसाला वेळेवर औषध देणे, महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकणे, मुलाच्या अभ्यासाजवळ बसणे ही काळजी घेणे झाले. त्याच आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘हा गेला तर माझे काय होईल’ हे मनात शंभर वेळा घोळवणे ही काळजी करणे झाली. पहिल्याने आजाऱ्याला औषध मिळते. दुसऱ्याने त्याला काहीच मिळत नाही. उलट आपला उतरलेला चेहरा पाहून तोच अधिक घाबरतो.

बराकपूरच्या एका माणसाची गोष्ट

कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळी नदीच्या काठी बराकपूर आहे. या गावाचे नाव घेतले की आपल्याला १८५७ चे मंगल पांडे आठवतात. याच गावात सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. बंगालने त्यांना ‘राष्ट्रगुरू’ म्हटले. १८९५ साली पुण्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा त्याचे अध्यक्ष तेच होते. मात्र तरुणपणी त्यांनी स्वतःसाठी जे भविष्य आखले होते, त्यातले जवळजवळ काहीच घडले नाही.

१८६९ साली ते लंडनमध्ये आयसीएसची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या काळी भारतीय मुलासाठी याहून मोठे यश नव्हते. पण वयाच्या नोंदीत तफावत आहे असे कारण देऊन त्यांचे नाव यादीतून काढले गेले. मुंबईकडचे श्रीपाद बाबाजी ठाकूर हेही त्याच वर्षी उत्तीर्ण झाले होते आणि त्यांच्यावरही हाच प्रसंग आला. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगतात, तिकडे पूर्ण झालेली वर्षे मोजतात, एवढाच काय तो घोळ होता. सुरेंद्रनाथांनी न्यायालयात दाद मागितली आणि ते जिंकले. पण हा वाद चालू असतानाच इकडे त्यांचे वडील, डॉ. दुर्गाचरण बॅनर्जी, वारले. ज्यांनी मुलाला विलायतेला पाठवले, ते परतलेल्या मुलाला पाहू शकले नाहीत.

१८७१ मध्ये सुरेंद्रनाथ सिल्हेट येथे रुजू झाले. तीन वर्षेही नीट गेली नाहीत. कामकाजातील एका चुकीवरून त्यांची चौकशी झाली आणि १८७४ मध्ये त्यांना नोकरीतून काढून टाकण्यात आले. ते पुन्हा लंडनला गेले, अपील केले. ते फेटाळले गेले. मग बॅरिस्टर होण्याचा प्रयत्न केला. सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेला माणूस म्हणून तोही दरवाजा बंद झाला. वय पंचविशीच्या आसपास, शिक्षण भरपूर, घरी पत्नी आणि पुढे कोणताही रस्ता दिसत नाही. वाचकहो, भविष्याची चिंता करायला याहून अधिक कारण कोणाजवळ असेल?

लंडनमध्ये वर्षभराहून अधिक काळ त्यांनी काय केले, तर वाचन. युरोपातील विचारवंत आणि देशभक्त यांचे ग्रंथ त्यांनी झपाटल्यासारखे वाचून काढले. या वाचनाचा पुढे काय उपयोग होणार, हे त्या दिवशी त्यांना कोणीही सांगू शकले नसते. १८७५ मध्ये ते परतले आणि ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यांना आपल्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये इंग्रजी शिकवायला बोलावले. पुढच्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह ‘इंडियन असोसिएशन’ स्थापन केली. ‘बेंगाली’ वृत्तपत्र हाती घेतले. १८८२ मध्ये एक शाळा चालवायला घेतली. तिचेच पुढे रिपन कॉलेज झाले, जे आज सुरेंद्रनाथ कॉलेज म्हणून ओळखले जाते.

ज्या घटनेला ते आयुष्याचा शेवट समजू शकले असते, तिच्यामुळेच ते देशाला मिळाले. नोकरी टिकली असती तर कदाचित एक चांगला अधिकारी निवृत्त झाला असता, इतकेच.

चिंता कुठे चुकते?

म्हणून ‘जे होते ते चांगल्यासाठीच होते’ असा घाईचा निष्कर्ष आपण काढू नये. इंडियन असोसिएशनच्या स्थापनेची सभा २६ जुलै १८७६ रोजी झाली, त्याच दिवशी सकाळी सुरेंद्रनाथांचा मुलगा वारला होता. ते तरीही सभेला गेले. मुलाच्या मृत्यूत चांगले काय शोधायचे? त्या बापाला असे काही सांगणे क्रूरपणाचे ठरेल.

दुःख आणि चिंता यांत फरक आहे. दुःख घडलेल्या गोष्टीचे असते. ते सोसावेच लागते. चिंता न घडलेल्या गोष्टीचे दुःख आगाऊ भोगायला लावते. ती गोष्ट घडली नाही तर ते भोगणे वाया जाते आणि घडलीच तर दुःख दुसऱ्यांदा भोगावे लागते. आधी भोगले म्हणून नंतर काही सूट मिळत नाही.

शिवाय चिंतेचा अंदाजही बहुधा चुकतो. आपण ज्याला घाबरत असतो ते अनेकदा येतच नाही आणि जे येते ते आपल्या ध्यानीमनीही नसते. सिल्हेटला रुजू झालेल्या सुरेंद्रनाथांनी रात्रभर जागून भविष्याची चिंता केली असती, तरी बडतर्फी, विद्यासागरांचे बोलावणे, वृत्तपत्र आणि पुण्याचे अध्यक्षपद यांपैकी किती गोष्टी त्यांना दिसल्या असत्या?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी कर्म आपल्या हाती दिले आणि फळ आपल्या हातातून काढून घेतले. आपण याकडे कठोर आज्ञा म्हणून पाहतो. खरे तर ती आपल्या डोक्यावरून उतरवलेली गाठोडी आहे. जे ओझे आपले नव्हतेच, ते आपण ‘जबाबदारी’ या नावाखाली वाहत होतो.

आज रात्री एवढे करून पाहा

झोपण्यापूर्वी मनात घोळत असलेली एकच चिंता कागदावर लिहा. मग स्वतःला विचारा: यासाठी उद्या मला काही करता येईल का? येत असेल तर ते एक काम तिच्याखाली लिहा. डॉक्टरांची वेळ घेणे असेल, बँकेत जाऊन विम्याची चौकशी करणे असेल, दुरावलेल्या भावाला फोन करणे असेल. उद्या ते काम करा. ही काळजी घेणे झाली. ती जरूर घ्या. आणि करण्यासारखे काहीच नसेल, तर तो कागद देवापुढे ठेवा, हात जोडा आणि दिवा मालवा. पहिल्या रात्री मन ऐकणार नाही. रोज करत राहिलात तर हळूहळू ऐकू लागेल.

१९२३ च्या निवडणुकीत म्हाताऱ्या सुरेंद्रनाथांना आपल्याच बराकपूर भागात तरुण डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्याकडून हार पत्करावी लागली. सार्वजनिक आयुष्य संपत आले होते. त्यानंतर बराकपूरच्या घरी त्यांनी आत्मचरित्राचे काम पूर्ण केले. १९२५ च्या मे महिन्यात गांधीजी त्यांना भेटायला तिथे गेले आणि पुढे त्यांच्याविषयी लिहिताना त्यांनी त्यांना ‘बराकपूरचे ऋषी’ म्हटले. त्याच वर्षी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि ६ ऑगस्टला सुरेंद्रनाथांनी देह ठेवला. आपल्याजवळ किती दिवस उरले आहेत हे त्यांनाही ठाऊक नव्हते. जे होते ते त्यांनी हातातल्या कामाला दिले.

आपल्याजवळही आजचा दिवस आहे. त्यात करण्यासारखे एखादे काम नक्कीच आहे. तेथून सुरुवात करूया.