भक्ती, विभक्ती आणि तक्रार

दिल्लीत यमुनेच्या पूर्वेला मयूर विहार फेज-वनमध्ये उत्तर गुरुवायूरप्पनाचे मंदिर आहे. केरळातला देव नोकरीसाठी उत्तरेत आलेल्या आपल्या माणसांच्या पाठोपाठ आला. या देवाचे नाव निघाले की ‘नारायणीयम्’ आठवते, आणि श्रद्धाळू लेखकाला लिहायची उमेद कुठून येते, या प्रश्नाला त्याहून चांगला पुरावा सापडणे कठीण. त्याचा कर्ता मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी हा पंडित वैयाकरण. वाताने अंग धरले तेव्हा त्याने गुरुवायूरला बसून अठरा हजार श्लोकांचे भागवत हजारभर श्लोकांत आणले. परंपरा सांगते, रोज एक दशक असे शंभर दिवस. बहुतेक दशके संपतात ती एकाच मागण्यावर: माझे दुखणे घालव. कथा प्रल्हादाची असो वा गोवर्धनाची, शेवटी कवीचे सांधे ठणकतातच. अखेरच्या शब्दात त्याने आयुष्य, आरोग्य, सौख्य मागितले, आणि त्याच शब्दाची अक्षरे कटपयादी पद्धतीने अंक म्हणून वाचली की रचना पुरी झाल्याचा दिवस निघतो, १५८६ सालचा. मागणे आणि तारीख एकाच शब्दात! व्याकरणकाराची खोड आजारपणातही गेली नाही, हे बरेच झाले.

श्रद्धा लेखकाला विषय पुरवते, असे सहसा मानले जाते. मला ते पटत नाही. भागवताची गोष्ट भट्टतिरीच्या आधीही सर्वांना ठाऊक होती. श्रद्धेने त्याला दिला तो ऐकणारा: ज्याच्यापुढे आब राखावा लागत नाही, ज्याच्याकडे तेच गाऱ्हाणे शंभरदा नेता येते. आपल्याकडे जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते ती याच हक्काने. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेले तुकोबा देवाचा हिशेब मागतात, त्याला निष्ठुर ठरवतात. नामदेवांनी स्वप्नात येऊन कवित्वाचे काम सोपवले, असे तुकोबा स्वतःच सांगतात. पण काम सोपवल्याने अभंग होत नाही. तो होतो भांडणातून, आणि भांडायला समोर कोणीतरी लागतो.

यावर आक्षेप असा की ज्याला उत्तर आधीच मिळाले आहे तो शोध कसला घेणार. त्याच्या हातून प्रचारच होणार. असे ढीगभर लेखन झाले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ते वाचताना एक गोष्ट दिसते: तिथे लेखकाने देवाकडे पाठ आणि वाचकाकडे तोंड केलेले असते. तो देवाशी बोलत नाही, देवाची जाहिरात करतो. याउलट कवी नारायण वामन टिळक पाहा. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पण ख्रिस्ताशी बोलायला त्यांनी अभंगच घेतला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते मानत. धर्म बदलला तरी ‘तू’ म्हणण्याची रीत त्यांना नव्याने शिकावी लागली नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: ऐकणारा मुळात नसेलच तर? नास्तिकही उत्तम लिहितात, आणि प्रतिभेवर देवळाची मालकी नाही, हे मान्यच. तरीही ऐकणारा आहे असे धरून लिहिलेल्या ओळीचा सूर वेगळा लागतो, हे नास्तिक वाचकालाही ऐकू येते. तो आहे की नाही हा वाद तत्त्वज्ञांचा; सूर मात्र कागदावर उतरलेला असतो, तो तपासता येतो.

केरळात एक आख्यायिका सांगतात. पून्तानम हा साधा भक्तकवी विष्णुसहस्रनामात ‘अमरप्रभु’च्या जागी ‘मरप्रभु’ म्हणाला. मलयाळममध्ये ‘मरम्’ म्हणजे झाड. भट्टतिरीने चूक काढली, तेव्हा देव म्हणाला, मी झाडांचाही प्रभू आहे, आणि मला तुझ्या विभक्तीपेक्षा याची भक्ती आवडते. गोष्ट गोड आहे, पण भट्टतिरीवर अन्याय करणारी. विभक्तींच्या तक्त्यात शेवटची संबोधनाची. तेवढी एक त्याने शंभर दिवस, दुखऱ्या अंगाने, अचूक चालवली.