गडचिरोलीला जाल का?

पोलीस उपनिरीक्षक पदाच्या मुलाखतीत हा प्रश्न अनेकांना विचारला जातो. पूर्व, मुख्य, मैदान सगळं पार पडलं आणि ४० गुणांची मुलाखत तेवढी राहिली, तेव्हा माझी भाची तो घेऊन माझ्याकडे आली. क्लासने तिला उत्तर पाठ करून दिलं होतं, पण ते तिच्या तोंडून निघेना. वडील नाहीत, पाठीवर भावंड नाही आणि आईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी याच खात्यातून निवृत्त झालो, म्हणून मामाला विचारावं असं तिला वाटलं.

ती : सगळे म्हणतात, ‘सर, राज्यात कुठेही जायला तयार आहे’ असं ठणकावून सांग आणि मोकळी हो. पण मामा, आईला डायलिसिसच्या खुर्चीत बसवते ना, तेव्हा डोक्यात एकच असतं. मी तिथे जाऊन धडधडीत खोटं बोलणार आहे.

मी : कायद्याने तुला पर्यायच ठेवलेला नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम २८ वाच. पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर आहे असं मानलं जातं आणि राज्याच्या कुठल्याही भागात त्याला काम देता येतं. वर्दी अंगावर चढली की होकार आलाच.

ती : मग विचारतात कशाला?

मी : हुकुमाने माणूस तिथे पोहोचतो. तिथे पोहोचल्यावर तो मन लावून काम करील की पहिल्या दिवसापासून परतीची वाट शोधील, हे हुकुमाच्या हातात नसतं. म्हणून विचारतात.

ती : तेच तर. मन नाहीये माझं. भीती वाटते. मग ‘हो’ कुठल्या तोंडाने म्हणू?

मी : भीतीचं एवढं मनावर घेऊ नकोस. १ मे २०१९ ला गडचिरोलीतल्या जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या सुरुंगाच्या स्फोटात आपले १५ जवान गेले. त्यानंतर तिकडे हजर व्हायला निघालेल्या पोरांच्या पोटात गोळा आला नसेल असं तुला वाटतं? तरी गेली ती. धाकधूक असताना दिलेला शब्दही शब्दच असतो. उलट ज्याला काहीच वाटत नाही, त्याने ऐकलंय काय आणि कबूल केलंय काय, याचीच मला शंका येते.

ती : बरं, भीती बाजूला ठेवू. माझं मी काहीही कबूल करीन. पण आईच्या वतीने ‘हो’ म्हणायचा अधिकार मला कुणी दिला? रस्ता बंद पडला, फोन लागेना आणि इकडे तिला मध्यरात्री धाप लागली, तर तो शब्द मी दिलेला, भोगणार ती.

मी : तिला विचारलंस?

ती : विचारलं. ‘जा’ म्हणाली. पण ती दुसरं काय म्हणणार होती? नाही म्हणता येत नसेल, तर त्या होकाराला काय अर्थ?

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आपल्याकडे आयांचा होकार असाच गृहीत धरला जातो, आणि पोरीचं म्हणणं त्या जागी बरोबर होतं.

मी : ‘जाऊ का’ असं विचारशील तर ती ‘जा’च म्हणणार. ‘मी गेल्यावर दर मंगळवारी आणि शुक्रवारी तुला सांगलीला कोण नेईल? रात्री त्रास झाला तर पहिला फोन कुणाला करशील?’ असं विचार. त्याला ती खरं उत्तर देईल. पटलं नाही तर तसंही सांगेल. ते ऐकल्याशिवाय मुलाखतीला जाऊ नकोस.

ती : आणि तसं काही जमलंच नाही तर? क्लासमधली मुलं म्हणतात, आत्ता ‘हो’ म्हण, पुढचं पुढे. लागल्यावर बदली करून घेता येते. ओळख लागते, बस.

मी : अडचण खरी असेल तर खात्याकडे रीतसर अर्ज कर. तो तुझा हक्क आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलं आणि बदल्या बघायला पोलीस आस्थापना मंडळं आली, ती कशासाठी? पण मनात आधीच ओळखीच्या चिठ्ठीचं ठरवून ‘हो’ म्हणालीस, तर ते खोटं. तू मघाशी ज्याला खोटं म्हणत होतीस, त्याहून फार मोठं.

ती : मला दुसरंही वाटतं. सांगली-साताऱ्यात मी जास्त चांगलं काम करीन. बोली माझी, माणसं माझी. अनोळखी मुलखात टाकून सरकारला काय मिळतं?

मी : उपनिरीक्षकाची मुदत साधारण ठरलेली आहे. एका ठाण्यात दोन वर्षं, एका जिल्ह्यात चार, एका परिक्षेत्रात आठ. निवडणुका आल्या की स्वतःच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याला बाहेर काढतात. का? भावकीचा गुन्हा नोंदवताना हात कापू नये म्हणून. न्यायाला परकं माणूस लागतं, हे मला पटतं. पण दर खेपेला नवा परका आला तर लोकांनी बोलायचं कुणाशी, हेही मी पाहिलंय.

ती : गडचिरोलीत?

मी : भामरागड तालुक्यात, एका पोलीस मदत केंद्रावर. पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडचा रस्ता तुटायचा. पाणी उतरलं तसं एक माडिया बाई चालत आली. पाठीला बांधलेलं मूल आणि फडक्यात गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत तिच्या जुन्या तक्रारीची पोच, घड्यांवर फाटलेली. ज्याने ती लिहून घेतली तो अधिकारी मुदत भरायच्या आत निघून गेला होता, त्याच्यानंतरचाही. तिला मराठी येत नव्हती, मला माडिया. तिथलाच एक शिपाई दुभाषा म्हणून बसला. मी म्हटलं, सांग काय झालं ते. तिने आधी मलाच विचारलं, ‘तू इथे किती दिवस आहेस?’ त्याचं उत्तर मिळेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही.

ती : म्हणजे मुलाखतीतला प्रश्न खरा तिचा आहे.

मी : तिचाच. मुलाखत मंडळ तो तिच्या वतीने विचारतं, त्यांना माहीत असो वा नसो. ‘गडचिरोलीला पाठवीन’ अशी धमकी आपल्याकडे अधिकाऱ्यांना सर्रास दिली जाते. १९८२ पासून तो या राज्याचा जिल्हा आहे. तिथल्या लोकांनी असा काय गुन्हा केला, की त्यांच्या वाट्याला शिक्षा झालेले अधिकारी यावेत? मला याचा फार राग येतो.

ती : मग मी असं सांगते. ‘जाईन. आई डायलिसिसवर आहे, तिची सोय अशी अशी लावली आहे. ती सोय मोडली तर खात्याला अर्जाने कळवीन. मुदत पुरी करायच्या हिशेबानेच जाईन आणि गेल्यावर माडिया शिकेन.’ चालेल?

मी : देशसेवेचं एकही वाक्य घातलं नाहीस, ते छान झालं.

ती : पण ‘आजारी आई’ ऐकून गुण कापले तर?

मी : कापतीलही. ती हमी मी देणार नाही.

ती : आणि सोय लागलीच नाही तर?

मी : तर यंदा हे पद सोड. याच गट-ब मध्ये सहायक कक्ष अधिकारी आहे, राज्य कर निरीक्षक आहे. आईसाठी थांबण्यात कसला आलाय कमीपणा? पण सोयीत मलाही धर. ती तुझी आई असली तरी माझी धाकटी बहीण आहे. मंगळवार-शुक्रवार माझे.

ती : दोन वर्षं, मामा. जमेल तुम्हाला?

मी : आता तू मला मुलाखतीचा प्रश्न विचारलास. विचार करून उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी डायलिसिसचं वेळापत्रक मागवून घेतलं, गाडी चालवणाऱ्या शेजाऱ्याशी बोललो आणि मगच तिला हो म्हणालो. स्पर्धा परीक्षांचे क्लास चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : ‘कुठेही जायला तयार’ हे वाक्य मुलांकडून घोकून घेण्याआधी, त्यांच्या घरी मागे कोण राहणार आहे, एवढं त्यांना विचारा.